नॅनोसेकंदांत विझणारं वादळ मोजायचं कसं? लेझर, प्लाझ्मा आणि टर्ब्युलन्सची गोष्ट

काचेच्या ग्लासातल्या कोऱ्या चहात वरून दूध ओतलं की क्षणभर आत ढग उसळतात. मोठ्या भोवऱ्यातून लहान भोवरे निघतात, लहानांतून आणखी बारीक, आणि बघता बघता सगळा चहा एका रंगाचा होतो. द्रवाच्या किंवा वायूच्या अशा बेशिस्त, गुंतागुंतीच्या वाहण्याला टर्ब्युलन्स म्हणतात. मराठीत त्यासाठी प्रक्षोभ असाही शब्द वापरला जातो. विमान हादरायला लागलं की पायलट पट्टा बांधायला सांगतो, तेव्हा बाहेर हवेत हाच प्रकार चालू असतो.

आता ग्लासाऐवजी काही मिलिमीटरची जागा घ्या. चहाऐवजी चाळीस-पन्नास लाख अंश तापमानाचा प्लाझ्मा घ्या. आणि हे सगळं सेकंदाच्या काही कोट्यंश भागात संपणार आहे असं समजा. त्यातले भोवरे मोजायचे आहेत. कुठलंही उपकरण आत घातलं तर त्याची वाफ होईल, आणि एवढ्या वेळात कुणी साधी पापणीही लववू शकत नाही. तरीही गेल्या दोन दशकांत हे मोजमाप जमलेलं आहे. त्यातला एक महत्त्वाचा भाग मुंबईत, कुलाब्याला झाला आहे.

एवढा खटाटोप कशासाठी?

विश्वात दिसणाऱ्या नेहमीच्या पदार्थाचा जवळजवळ सगळा भाग प्लाझ्माच्या रूपात आहे. अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झाले की वायूचा प्लाझ्मा होतो. सूर्य, तारे, आकाशगंगांच्या मधला विरळ वायू, सगळीकडे तोच. आणि या प्लाझ्मात जवळपास सर्वत्र चुंबकक्षेत्र सापडतं. प्रश्न असा की ते आलं कुठून?

सुरुवातीचं बारीकसं क्षेत्र कसं तयार होतं याचा एक मार्ग लुडविग बिअरमान यांनी १९५० मध्ये दाखवला होता. प्लाझ्मात तापमान आणि घनता वेगवेगळ्या दिशांनी बदलत असतील तर आपोआप विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यातून चुंबकक्षेत्र जन्मतं. या प्रक्रियेला बिअरमान बॅटरी म्हणतात. पण या मार्गाने मिळणारं क्षेत्र फारच दुबळं असतं. आज आकाशगंगांत दिसणारं क्षेत्र त्याच्या कितीतरी पट मोठं आहे. मधलं काम टर्ब्युलन्स करतो, असं सिद्धान्त सांगतो. भोवरे चुंबकीय रेषांना ताणतात, पिळतात, दुमडतात, आणि प्रत्येक ताणाबरोबर क्षेत्र वाढत जातं. याला टर्ब्युलंट डायनॅमो म्हणतात.

सिद्धान्त देखणा होता, संगणकावरही चालत होता. पण प्रयोगशाळेतल्या खऱ्या प्लाझ्मात तो कुणी पाहिला नव्हता. द्रव सोडियम फिरवून डायनॅमो दाखवण्याचे प्रयोग लाटव्हियातल्या रीगा इथे आणि जर्मनीतल्या कार्ल्सरूहमध्ये २००० च्या आसपास यशस्वी झाले. ते मात्र धातूचे प्रयोग होते, त्यात वाहण्याची दिशा पंख्यांनी आणि नळ्यांनी ठरवून दिलेली होती. आकाशगंगेत असे पंखे आणि नळ्या नाहीत. तिथे डायनॅमो चालतो की नाही, हे पटवायला मोकाट उसळणारा प्लाझ्मा हवा आणि त्यातला टर्ब्युलन्स मोजता यायला हवा.

टर्ब्युलन्स मोजायचा म्हणजे काय मोजायचं?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. टर्ब्युलन्सचं मोजमाप म्हणजे अमुक भोवरा कुठे आहे आणि तो कुठे जाईल हे सांगणं नव्हे. ते जमतच नाही. सुरुवात केसभर बदलली तरी पुढचं चित्र पूर्ण वेगळं होतं. मोजायची असते ती आकडेवारी: किती मोठ्या भोवऱ्यात किती ऊर्जा आहे.

ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीतून पाणी सोडून त्यात रंगाची बारीक धार मिसळली. वेग कमी असताना धार सरळ राहिली, वेग वाढल्यावर फिसकटली. कुठल्या टप्प्याला फिसकटते हे एका संख्येवर ठरतं, ती आज रेनल्ड्स संख्या म्हणून ओळखली जाते. पुढे १९४१ मध्ये रशियन गणितज्ञ आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी ऊर्जेच्या वाटपाचा नियम मांडला. ऊर्जा मोठ्या भोवऱ्यांत शिरते, तिथून लहानांत, त्याहून लहानांत उतरत जाते आणि शेवटी उष्णता बनून संपते. एका अक्षावर भोवऱ्याचा आकार आणि दुसऱ्यावर ऊर्जा मांडली, तर मधल्या पट्ट्यात एक ठरावीक उतार येतो. त्याचा घातांक आहे उणे पाच तृतीयांश. भोवरा दहापट लहान झाला की आलेखाची उंची सुमारे ४६ पट खाली येते. नदीत, वाऱ्यात, कारखान्याच्या धुरात हाच उतार पुन्हा पुन्हा सापडला आहे.

या आलेखाला वर्णपट किंवा स्पेक्ट्रम म्हणतात. पुढे येणाऱ्या प्रत्येक प्रयोगाचा रोख याच आलेखाकडे आहे.

दोन चकत्या, दोन जाळ्या

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे ओमेगा नावाचा ६० किरणांचा लेझर आहे. ऑक्सफर्डचे जान्लुका ग्रेगोरी आणि तेव्हा शिकागोत असलेले पेट्रोस झेफेराकोस यांच्या गटाने तिथे केलेला प्रयोग २०१८ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध झाला.

रचना ऐकायला सोपी आहे. प्लास्टिकच्या दोन पातळ चकत्या समोरासमोर ठेवल्या, मधलं अंतर ८ मिलिमीटर. प्रत्येक चकतीवर लेझरचे दहा किरण सोडले. चकतीचा पृष्ठभाग उडाला आणि मागच्या बाजूने प्लाझ्माचा झोत निघाला. दोन्ही झोतांच्या वाटेत एकेक जाळी होती, तिची छिद्रं ३०० मायक्रोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. दोन जाळ्यांची छिद्रं मुद्दाम एकमेकांसमोर येणार नाहीत अशी ठेवली होती. झोत छिद्रांतून बोटासारखे पुढे आले, मध्यावर एकमेकांत घुसले आणि तिथे टर्ब्युलन्स माजला. वेग सेकंदाला शंभर किलोमीटरच्या घरातला.

आता मोजायचं कसं? गटाने एकच मोजमाप करून भागवलं नाही, आणि या प्रयोगाची खरी ताकद तीच आहे.

पहिली पद्धत प्रकाश विखुरण्याची, तिला थॉमसन स्कॅटरिंग म्हणतात. माहीत असलेल्या रंगाचा दुसरा लेझर प्लाझ्मात सोडायचा आणि इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेला प्रकाश टिपायचा. रुग्णवाहिका जवळ येताना आणि लांब जाताना सायरनचा आवाज बदलतो, तसा प्रकाशाचा रंगही किंचित सरकतो. किती सरकला त्यावरून प्लाझ्माचा वेग कळतो. रंगाच्या रेषा किती रुंदावल्या त्यावरून तापमान आणि आतल्या उलटसुलट हालचाली कळतात. त्याच प्रकाशाच्या कंपनाची दिशा चुंबकक्षेत्रामुळे फिरते, तिला फॅरेडे भ्रमण म्हणतात, आणि त्यावरून क्षेत्राचाही अंदाज येतो.

दुसरी पद्धत क्ष-किरणांची. एवढा तापलेला प्लाझ्मा स्वतःच क्ष-किरण सोडतो. जिथे घनता जास्त तिथे तो जास्त उजळ, आणि उजळपणा घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. क्ष-किरणांच्या फोटोतले उजळ-अंधुक डाग मोजले की घनतेच्या चढउताराचा स्पेक्ट्रम निघतो. भोवरे घनतेलाही सोबत ओढून नेतात असं धरलं, तर त्यावरून वेगाचा स्पेक्ट्रम मिळतो. ओमेगामध्ये तो कोल्मोगोरोव्हच्या उताराशी जुळला.

तिसरी पद्धत सगळ्यात मजेशीर. बाजूला काचेची एक छोटी पोकळ गोळी ठेवतात, तिच्यात ड्युटेरियम आणि हेलियम-३ भरलेलं असतं. वेगळ्या लेझर किरणांनी ती चेपली की आत अणुसंमीलन होतं आणि प्रोटॉन सुटतात. काही सुमारे ३ आणि काही सुमारे १५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे. हे प्रोटॉन प्रयोगाच्या प्लाझ्मातून आरपार जातात आणि वाटेतलं चुंबकक्षेत्र त्यांना थोडं थोडं वळवतं. पलीकडच्या पाटीवर त्यामुळे गडद-फिकट नक्षी उमटते. उन्हात विहिरीच्या किंवा तरणतलावाच्या तळाशी प्रकाशाची हलती जाळी दिसते, तशीच. तिथे पाण्याची लाट प्रकाशाला वळवते, इथे चुंबकक्षेत्र प्रोटॉनला. आणि ही पाटी कशाची असते? सीआर-३९ नावाच्या प्लास्टिकची. चष्म्याच्या भिंगांसाठी वापरतात तेच. प्रोटॉन त्यात सूक्ष्म जखम करून जातो. मग पाटी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवली की जखमा खड्ड्यांएवढ्या होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात.

तिन्हींचा मेळ घातल्यावर आकडा आला शंभर किलोगॉसच्या वरचा. पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास आणि रुग्णालयातल्या नेहमीच्या एमआरआय यंत्राचं १५,००० गॉस असतं, हे लक्षात घेतलं की तुलना होईल. झोत एकमेकांवर आदळण्याआधी बिअरमान बॅटरीतून आलेलं क्षेत्र फक्त काही किलोगॉस होतं. मधली सगळी वाढ टर्ब्युलन्सने केली. डायनॅमो कागदावरून बाहेर आला.

कुलाब्याचं टेबल

ओमेगासारखा लेझर ठेवायला अख्खी इमारत लागते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, प्रा. जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने वेगळा रस्ता धरला. ऊर्जा थोडी, पण ती अत्यंत कमी वेळात कोंबायची. इथले लेझर स्पंद काही दहा फेम्टोसेकंदांचे असतात. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या दहा लक्षांश भागाचा अब्जांश. तीस फेम्टोसेकंदांत प्रकाशसुद्धा फक्त ९ मायक्रोमीटर जातो, केसाच्या जाडीपेक्षाही कमी.

असा स्पंद घन पदार्थावर पडला की पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचून आत घुसतात. विजेचा तोल राखण्यासाठी आतले थंड इलेक्ट्रॉन उलट दिशेने बाहेर धावतात. लोकल थांबल्यावर चढणारे आणि उतरणारे एकाच दारात समोरासमोर येतात, तेव्हा जे होतं तेच इथे होतं. दोन्ही प्रवाह धागेधागे होऊन विस्कटतात. प्रत्येक धाग्याभोवती चुंबकक्षेत्र असतं आणि तेही विस्कटतं.

या गटाने २००२ मध्ये दाखवलं की अशा प्लाझ्मात २७ मेगागॉसपर्यंतचं क्षेत्र तयार होतं आणि ते सहा पिकोसेकंद टिकतं. एमआरआयच्या १,८०० पट. त्यानंतरचा प्रश्न होता की हे क्षेत्र एकसंध आहे की फाटलेलं. त्यासाठी एकाच लेझरचे दोन भाग केले जातात. मोठा भाग प्लाझ्मा तयार करतो, छोटा भाग थोड्या वेळाने येऊन त्याची पाहणी करतो. हा थोडा वेळ घड्याळाने मोजता येत नाही, तो आरशाने ठरवतात. आरसा दीड मायक्रोमीटर मागे सरकवला की प्रकाशाला जाऊन-येऊन तीन मायक्रोमीटर जास्त चालावं लागतं आणि तो दहा फेम्टोसेकंद उशिरा पोहोचतो. एवढी साधी युक्ती, आणि जगभरचं अतिजलद प्रकाशविज्ञान तिच्यावर उभं आहे.

पाहणीच्या प्रकाशाचा रंगही बदलावा लागतो. ठरावीक रंगाचा प्रकाश प्लाझ्मात ठरावीक घनतेपर्यंतच शिरतो, मग परततो. तरंगलांबी निम्मी केली तर चौपट घनतेपर्यंत जाता येतं. म्हणून ८०० नॅनोमीटरच्या लेझरने प्लाझ्मा करायचा आणि ४०० नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाने तो पाहायचा. परतलेल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण कॅमेऱ्याच्या प्रत्येक बिंदूवर मोजलं की चुंबकक्षेत्राचा नकाशा मिळतो.

असे नकाशे २०१२ मध्ये अमेरिकन विज्ञान अकादमीच्या 'पीएनएएस' या नियतकालिकात आले. अंतराची बारकाई मायक्रोमीटरची, वेळेची फेम्टोसेकंदांची. नकाशात क्षेत्र जागोजागी विस्कटलेलं होतं आणि त्याच्या स्पेक्ट्रमला घातांकाचा नियम लागू पडत होता. या कामात गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचे प्रद्युम्न नव्हे, प्रेधिमन कॉ आणि अमिता दास हेही सहभागी होते. पुढे २०१७ मध्ये याच मंडळींनी लिस्बनच्या सहकाऱ्यांसोबत आणखी एक गोष्ट दाखवली. वेळ जाईल तसा टर्ब्युलन्सचा ताबा इलेक्ट्रॉनांकडून जड आयनांकडे जातो, आणि त्या टप्प्यावर स्पेक्ट्रममध्ये एक बाक येतो. अंतराळयानांनी सौरवाऱ्यात मोजलेल्या स्पेक्ट्रममध्ये तसाच बाक आहे. सौरवाऱ्यातल्या प्रक्षोभाला ऊर्जा आयनांकडून मिळते, कुलाब्यात ती इलेक्ट्रॉनांकडून मिळाली होती. सुरुवात कुणी केली याचा मागमूस शेवटच्या आलेखात राहत नाही, हा या निकालाचा अर्थ.

ओमेगा आणि कुलाबा यांच्यातला फरक मात्र विसरू नये. ओमेगात प्लाझ्मा खरोखर वाऱ्यासारखा वाहतो आणि त्याचे भोवरे क्षेत्राला वाढवतात. कुलाब्यात आधी विद्युतप्रवाह विस्कटतो आणि त्याच्यासोबत क्षेत्र. दोन्हीला टर्ब्युलन्स म्हणतात, पण एकाचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवून कोण मोठं हे ठरवण्यात अर्थ नाही.

मोजमापातली गोम

बातम्यांत या प्रयोगांचे फोटो येतात आणि आपण एकच वादळ वाढताना बघतोय असं वाटतं. तसं नसतं. ओमेगात एका शॉटनंतर दुसऱ्यासाठी पाऊण-एक तास थांबावं लागतं, आणि आधीचं लक्ष्य उडून गेलेलं असतं. कुलाब्यातही प्रत्येक स्पंदासाठी पृष्ठभागाचा कोरा भाग समोर सरकवावा लागतो. म्हणजे '३० नॅनोसेकंदांनंतर' आणि '३५ नॅनोसेकंदांनंतर' ही दोन चित्रं दोन वेगळ्या वादळांची असतात. पहिल्या चित्रातला भोवरा दुसऱ्यात शोधू नये, तो तिथे नाहीच. जुळायला हवा तो स्पेक्ट्रम. ओमेगाच्या गटाने २०२१ मध्ये क्षेत्राची वेळेनुसार वाढ दाखवली, तीही अशीच, वेगवेगळ्या वेळी टिपलेल्या वेगवेगळ्या शॉट्समधून.

दुसरी अडचण जास्त त्रासदायक आहे. प्रोटॉन किंवा क्ष-किरण प्लाझ्माच्या आरपार येतात, त्यामुळे पाटीवर सगळ्या खोलीची बेरीज उमटते. वाटेत एक भोवरा प्रोटॉनला डावीकडे आणि पुढचा उजवीकडे ढकलतो, आणि बेरीज शून्याजवळ येते. मूळ क्षेत्र मोठं असूनही नक्षी फिकी दिसू शकते. प्रक्षोभ सगळ्या दिशांना सारखाच आहे असं गृहीत धरून या बेरजेवरून मूळ क्षेत्र काढतात. हे गृहीतक दर वेळी खरं असेलच असं नाही. शिवाय क्षेत्र फार तीव्र असेल तर प्रोटॉनांच्या वाटा एकमेकींना छेदतात, आणि मग एकाच नक्षीला अनेक उत्तरं चालतात. म्हणूनच थॉमसन स्कॅटरिंग, क्ष-किरण आणि प्रोटॉन ही तीन साक्षीदारांसारखी स्वतंत्र मोजमापं लागतात. एकाच्या जबानीवर निकाल देता येत नाही.

शर्मिष्ठा आणि ययाती

काही मिलिमीटरचा प्लाझ्मा आणि लाखो प्रकाशवर्षांचा वायू यांची तुलना करता येते, कारण समीकरणं आकार बघत नाहीत, गुणोत्तरं बघतात. रेनल्ड्स संख्येसारख्या काही संख्या पुरेशा मोठ्या असल्या की वागणं सारखं होतं. ब्रिटनमधल्या रदरफर्ड ॲपल्टन प्रयोगशाळेच्या व्हल्कन लेझरवर ऑक्सफर्डच्याच गटाने २०१४ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहातल्या कॅसिओपिया-ए या स्फोट झालेल्या ताऱ्याच्या अवशेषाची छोटी आवृत्ती केली. आर्गॉन भरलेल्या पेटीत कार्बनच्या काडीवर लेझर मारला आणि निघालेला धक्का प्लास्टिकच्या जाळीतून जाऊ दिला. तिथे मात्र तारेची छोटी वेटोळी थेट वाटेत ठेवून क्षेत्र मोजता आलं, कारण ती स्फोटापासून काही सेंटिमीटर लांब होती. जाळी असताना क्षेत्र जास्त भरलं.

ययाती तारकासमूहातल्या दीर्घिकांच्या समूहाचं कोडं आणखी वेगळं आहे. त्याच्या मध्यावरचा वायू एवढे क्ष-किरण सोडतो की तो कधीच थंड व्हायला हवा होता. तो झालेला नाही. २०१४ मध्ये चंद्रा दुर्बिणीच्या चित्रांतले उजळ-अंधुक डाग मोजून, म्हणजे ओमेगात वापरली त्याच पद्धतीने, असं दिसलं की टर्ब्युलन्समधून उतरणारी उष्णता ही झीज भरून काढायला पुरेल. उष्णतेच्या वहनाचं काय, हा प्रश्न उरला होता. त्यावर कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत प्रयोग झाला. अणुसंमीलनात लेझरने दिलेल्या २.०५ मेगाज्यूलच्या बदल्यात ३.१५ मेगाज्यूल मिळाले ती बातमी डिसेंबर २०२२ मध्ये याच ठिकाणाहून आली होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या या दुसऱ्या प्रयोगात १९२ किरणांच्या लेझरने केलेल्या प्रक्षुब्ध प्लाझ्मात गरम आणि थंड ठिपके शेजारी शेजारी टिकून राहिलेले दिसले. विस्कटलेल्या चुंबकक्षेत्राने उष्णतेचं वहन शंभर पट किंवा त्याहूनही जास्त रोखलं होतं.

अणुसंमीलनासाठीही हे मोजमाप कामाचं आहे. इंधनाची गोळी चेपताना बाहेरचं कवच आणि आतलं इंधन यांच्या सीमेवर भोवरे उठतात, कवचाचा पदार्थ आत मिसळतो आणि इंधन थंड पडतं. हे मिसळणं किती होईल याचा अंदाज संगणक देतो, आणि तो अंदाज तपासायला प्रत्यक्ष मोजलेले आकडे लागतात.

आकाशातला वेग थेट मोजायची पहिली संधी जपानच्या हितोमी उपग्रहाला मिळाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो वर गेला, त्याने ययाती समूहातल्या वायूच्या उलटसुलट हालचालीचा वेग सेकंदाला १६४ किलोमीटर मोजला, आणि मार्च संपायच्या आत त्याच्याशी संपर्क तुटला. त्याची जागा घेणारा एक्सरिझम उपग्रह सप्टेंबर २०२३ मध्ये सुटला. हितोमीवर होतं तशाच प्रकारचं उपकरण त्याच्यावर आहे, आणि ते क्ष-किरणांच्या रेषा किती रुंदावल्या हेच मोजतं.